हातात चाळीस लाख आहेत, शूटिंग सुरू करू का?

प्रश्न थोडक्यात असा: वाई-भोर पट्ट्यात घडणारी गोष्ट आहे. दहा वर्षांचा मुलगा आणि त्याच्या घरचा बैल. पटकथा तयार आहे, दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट, खर्चाचा अंदाज सव्वा कोटी. एक मित्र चाळीस लाख द्यायला तयार आहे, पण त्याला शूटिंग यंदाच व्हायला हवं. उरलेले पैसे ‘फुटेज दाखवून’ उभे करायचे, शेवटी सरकारी अनुदान आणि ओटीटी आहेच. सुरू करावं का?

नका करू. चाळीस लाख कमी आहेत म्हणून नव्हे. चाळीस लाखांतही चित्रपट होतो: चार पात्रांचा, एका घरातला, बारा-पंधरा दिवसांत संपणारा. तुमची पटकथा तशी नाही, इतकंच. खरी अडचण ‘उरलेले पुढे बघू’ यात आहे. शूटिंगआधी थांबलेल्या चित्रपटापायी कुणी बुडत नाही. शूटिंग आटोपून हार्ड डिस्कमध्ये पडून राहिलेल्या चित्रपटापायी बुडतात. तेव्हा पैसे तर लागतातच, वर घासाघीस करायला हातात काही उरलेलं नसतं. अर्धवट चित्रपटात पैसे घालायला येणारा माणूस तुमची नड ओळखून येतो आणि बॅनरही मागतो, हक्कही मागतो.

म्हणून पैसा एकूण किती यापेक्षा तो कोणत्या क्रमाने येणार आणि कोणत्या क्रमाने परत जाणार, हे आधी मांडा. पोस्ट (म्हणजे शूटिंगनंतरचं संकलन, आवाज, रंग वगैरे काम), सेन्सॉर आणि प्रदर्शन यांचे पैसे पहिल्या क्लॅपआधी वेगळ्या खात्यात पडलेले हवेत किंवा लेखी बांधलेले हवेत. पहिल्या चित्रपटाला मी यात सूट देणार नाही.

आता सव्वा कोटी म्हणजे काय ते उलगडू. चोवीस दिवसांचं शेड्यूल, पंचावन्न माणसांचं युनिट, सिंक साउंड (म्हणजे संवाद सेटवरच रेकॉर्ड करणं), मोठा स्टार नाही, असं धरलं तर वाटणी साधारण अशी बसते: कथा-पटकथा-संवाद ५ लाख, दिग्दर्शक ५, कलाकार १४, तंत्रज्ञ आणि त्यांचे सहायक २६, कॅमेरा-लाइट-ग्रिप-साउंडचं भाडं १४, लोकेशन-कला-वेशभूषा १३, प्रवास-राहणं-जेवण १७, पोस्ट आणि संगीत १६, वकील-सी.ए.-विमा-सेन्सॉर ४. झाले ११४. त्यावर साधारण दहा टक्के आकस्मिक खर्च, म्हणजे ११. एकूण १२५. हे आकडे तुमच्या गावात, तुमच्या माणसांबरोबर बदलतील. पण आकस्मिक खर्चाची ओळ पुसून बजेट ‘बसवलं’, असं कुणी म्हणालं तर ते बजेट बाजूला ठेवा.

नवखे लोक कॅमेऱ्याच्या भाड्यावर तासभर वाद घालतात आणि जेवणाचा आकडा अंदाजे टाकतात. तोच हिशेब करून बघा. पंचावन्न माणसं, चहा-नाश्ता-दोन वेळचं जेवण मिळून डोकं साडेचारशे, चोवीस दिवस: पाच लाख चौऱ्याण्णव हजार. बाहेरगावची चाळीस माणसं, दोघांत एक खोली, बाराशे रुपये, सव्वीस रात्री: सहा लाख चोवीस हजार. उरलेले पावणेपाच लाख गाड्या आणि डिझेल. सतरा लाख असे होतात. जेवण खराब निघालं तर तिसऱ्या दिवसापासून कॉल टाइमला, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या ठरलेल्या वेळेला, माणसं उशिरा येतात. या बजेटमध्ये वाढीव दिवस साधारण सव्वादोन ते अडीच लाखांना पडतो, तेव्हा जेवणात डोक्यामागे पन्नास रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

तुमच्या पटकथेत पैसे खाणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही बजेटमध्ये दिसत नाहीत. पहिली, मुलगा.

बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या सुधारित नियमांप्रमाणे १४ वर्षांखालच्या कलाकाराकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जिथे काम होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. वाई सातारा जिल्ह्यात आहे, भोर पुणे जिल्ह्यात. म्हणजे तुम्हाला दोन अर्ज. पालकांची संमती, पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती, शाळा बुडणार नाही याची सोय, आणि मुलाच्या मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. हे सगळं कागदावर लागतं.

हे पाळायचं म्हटलं की शेड्यूलचं काय होतं बघा. शिफ्ट बारा तासांची, मुलगा त्यातले पाच तास. उरलेल्या सात तासांत त्याच्याशिवायची दृश्यं हवीत. मुलगा तीन चतुर्थांश पटकथेत असेल तर तेवढी दृश्यं असणारच नाहीत. चोवीस दिवसांचे बत्तीस होतात. आठ दिवस म्हणजे अठरा ते वीस लाख. तुमचा सगळा आकस्मिक निधी पहिल्याच फटक्यात संपला आणि वर सात ते नऊ लाखांची तूट. उपाय सेटवर शोधायचा नसतो, पटकथेवर शोधायचा. आई-वडिलांची, गावाची दृश्यं त्याच लोकेशनवर त्याच दिवशी लागतील अशी बांधा. संवादाच्या दृश्यात मुलाच्या बाजूचे शॉट आधी, समोरच्याचे नंतर. पाठमोऱ्या शॉटला दुसरा मुलगा वापरायचा विचार असेल तर त्याचीही परवानगी काढावी लागेल, हे लक्षात ठेवा. पहिला सहायक दिग्दर्शक अनुभवी घ्या. वाटल्यास त्यासाठी ड्रोनचे दिवस कमी करा.

दुसरी गोष्ट बैल. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी लागते. मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे, त्यामुळे ‘ओळखीचा माणूस जाऊन आणेल’ हे विसरा. बैलाची माहिती, मालकाची संमती, पशुवैद्याचं प्रमाणपत्र, कोणत्या दृश्यात तो काय करणार याचं वर्णन, जागा आणि तारखा, हे सगळं आधी कळवायचं. चित्रीकरण झाल्यावर ती दृश्यं दाखवून ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचं. ते नसेल तर सेन्सॉरचा अर्ज अडतो. मग प्राण्याची दृश्यं कापायची किंवा वाट बघायची. तुमच्या चित्रपटातून बैल कापला तर काय उरतं? आणि वाट बघायची म्हणजे, ३० लाख दरमहा दोन टक्क्यांनी घेतलेले असतील तर महिना साठ हजार. बाजारात खासगी फायनान्सचा दर दीड-दोन टक्के महिना असाच बोलला जातो. अठरा महिन्यांत तीस लाखांवर दहा लाख ऐंशी हजार व्याज, तेही सरळ व्याजाने. तुमच्या बजेटमध्ये व्याजाची ओळच नाही.

आजोबांच्या हातात बिडी असेल तर तीही आत्ताच ठरवा. तंबाखूचं दृश्य असलं की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर प्रत्येकी ३० सेकंदांची आरोग्य-चित्रफीत, २० सेकंदांचं दृकश्राव्य निवेदन आणि त्या दृश्यावर ठळक इशारा, हे सक्तीचं आहे. बिडीवाचून आजोबा उभे राहत असतील तर काढून टाका.

आता पैसा कुठून आणि कसा. सव्वा कोटी निर्मिती, किमान चाळीस लाख प्रदर्शन आणि प्रसिद्धी: तुम्हाला १ कोटी ६५ लाख उभे करायचे आहेत. मित्राचे चाळीस त्यातले २४ टक्के. इथे पहिला गैरसमज होतो. मित्राला वाटतं चित्रपटाची २४ टक्के मालकी आपली. रुळलेली पद्धत अशी की भांडवल परत गेल्यानंतरचा नफा अर्धा पैसे घालणाऱ्यांचा, अर्धा निर्मिती करणाऱ्यांचा. म्हणजे मित्राचा वाटा नफ्याच्या बारा टक्क्यांच्या आसपास. दुसरी कुठलीही वाटणी ठरवा, माझी हरकत नाही, पण ‘नफा’ म्हणजे काय हे करारात व्याख्येसकट लिहा.

पैशाची परतीची रांग अशी लागते. तिकिटातून आधी जीएसटी, मग थिएटरचा वाटा. उरलेल्यातून वितरकाचं कमिशन. मग प्रसिद्धीसाठी ज्याने पैसे लावले त्याची वसुली. मग व्याजाने घेतलेलं कर्ज. त्यानंतर गुंतवणूकदारांचं मुद्दल, कधी वर दहा-वीस टक्के. मग ज्यांनी मानधन मागे ठेवलं त्यांचं मानधन. आणि सगळ्यात शेवटी नफा. मित्र या रांगेत सहावा आहे. त्याला हे आज सांगा. प्रीमियरच्या दुसऱ्या दिवशी सांगितलंत तर मैत्री जाईल.

मानधन मागे ठेवणं, म्हणजे ‘डिफर’, हे स्वतंत्र चित्रपटाचं खरं भांडवल आहे. दिग्दर्शक, लेखक, छायालेखक, संकलक यांनी निम्मं मानधन मागे ठेवलं तर १० ते १२ लाख रोख वाचतात. पण हे फक्त वरच्या माणसांकडून मागा. स्पॉट दादा, लाइटमन, मेकअपचे सहायक यांना रोजचे रोज किंवा आठवड्याला पैसे द्या.

मोठ्या गटाकडून थोडे थोडे पैसे घ्यायचा मोह होईल. व्हॉट्सॲपवर ‘पन्नास हजार द्या, सहनिर्माते व्हा, दीड वर्षात दामदुप्पट’ असं फिरवलंत तर चित्रपटाआधी तुमचंच प्रकरण उभं राहील. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, आणि खासगी कंपनीलाही जाहीर आवाहन करून भांडवल घेता येत नाही. खासगी वाटपाची, म्हणजे निवडक लोकांनाच भाग देऊन पैसे घेण्याची, मर्यादा आर्थिक वर्षात २०० माणसांची. परतावा न देता, पाठबळ म्हणून लोकवर्गणी घेणं वेगळं. बाकी चित्रपटासाठी स्वतंत्र एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, काढा, तिचं स्वतंत्र खातं ठेवा, सहीला दोघं जण. एलएलपीत भागीदार सहा-सात असले तर निभतं. पंचवीस झाले की पोस्टरवर कुणाचं नाव आधी यावरच वर्ष जातं.

करारांवर थोडं थांबू, कारण इथे नुकसान उशिरा कळतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो रद्द झाल्यासारखा होतो, जोपर्यंत करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल. आता कल्पना करा: कथा एका दिवाळी अंकातली, लेखकाकडून पानभर पत्रावर ‘चित्रपटासाठी परवानगी देत आहे’ इतकंच घेतलंय. पैसे जमवायला दोन वर्षं गेली. ओटीटीच्या वकिलाने हक्कांची साखळी, म्हणजे मूळ लेखकापासून तुमच्यापर्यंत हक्क कसे आले याचे कागद, मागितली की पहिल्याच कडीला तुटली. लेखकाचा वारस तेव्हा काय भाव सांगेल तो द्यावा लागतो. म्हणून लेखक, पटकथाकार, गीतकार, संगीतकार, प्रत्येक कलाकार आणि तंत्रज्ञ यांच्या करारात तीन शब्द हवेतच: कायमस्वरूपी, जगभरासाठी, सर्व माध्यमांसाठी. आणि एका वर्षाची अट लागू नाही, असं स्पष्ट वाक्य. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर लिहून घेता येत नाही. थिएटरमधलं प्रदर्शन सोडून इतर वापरात त्यांचा वाटा राहतो. तो ‘काढून घेतला’ असं करारात लिहिलं तरी ते टिकत नाही, उगाच संबंध बिघडतात.

सिंक साउंडमध्ये एक सापळा आहे. वरातीचं दृश्य, गावचा बँड, आणि बँडवाले उत्साहाने कुठलं तरी गाजलेलं सिनेमाचं गाणं वाजवतात. संवाद त्यावरच रेकॉर्ड झाले. आता त्या गाण्याचा परवाना घ्या किंवा पूर्ण दृश्य डब करा. बँडला स्वतःची धून आधी बसवून द्या, दोन-तीन हजारांत काम होतं. जात्यावरची ओवी पारंपरिक असली तर चालते, पण कुणी केलेलं तिचं रेकॉर्डिंग उचलता येत नाही.

नाव नोंदवणं आधी करून टाका. कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ किंवा निर्मात्यांची मान्यताप्राप्त संस्था, जिथे बॅनर नोंदवाल तिथे. पोस्टर छापल्यावर नाव आधीच कुणाकडे आहे असं कळलं तर दोष स्वतःलाच द्यावा लागेल.

सरकारी अनुदान. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडून, म्हणजे गोरेगावच्या चित्रनगरीतून, दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी अर्थसाहाय्याची योजना चालते. ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख. पण अर्ज करतानाचा शासन निर्णय स्वतः वाचा, कारण अटी आणि रकमा वेळोवेळी बदलतात. मुद्दा हा की समिती पूर्ण झालेला, सेन्सॉर झालेला चित्रपट बघून गुण देते. दर्जा मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी पैसा हातात यायला वेळ लागतो. म्हणून हा पैसा शूटिंगच्या रकान्यात कधीच धरू नका. तो प्रदर्शनानंतर देणी फेडायला येतो. अनुदानाच्या भरवशावर व्याजाने पैसे काढणारे पुष्कळ असतात. फायनान्सरही ते हसत हसत देतो, कारण त्याला तुमच्या प्रतीक्षेचं भाडं मिळतं. अर्जासाठी खर्चाचे पुरावे नीट लागतील, तेव्हा बिलं पहिल्या दिवसापासून फाइल करा.

ओटीटीबद्दल जरा कडवट बोलावं लागेल. स्क्रिप्ट किंवा रफ कट (कच्चं संकलन) बघून मराठी चित्रपट आधीच विकत घेण्याचे दिवस करोनाच्या काळात थोडे दिसले, आता ते गृहीत धरू नका. आज अनोळखी नावांच्या चित्रपटाला बहुतेक वेळा ‘आधी थिएटरला लावा, मग बोलू’ असं ऐकावं लागतं, नाहीतर पाहिलेल्या तासांवर पैसे देणारा करार. टीव्हीच्या हक्कांचंही तसंच, कलाकार कोण यावर भाव. म्हणून योजनेत या ओळीला शून्य लिहा आणि जे येईल ते वर.

मात्र विक्रीची वेळ आली तर माल तयार हवा. मिक्सिंग करतानाच संवाद, संगीत आणि इफेक्ट्सचे वेगवेगळे ट्रॅक काढून ठेवा. अक्षरांविना स्वच्छ चित्र, वेळेसकट इंग्रजी सबटायटल्स, उत्तम प्रतीचा मास्टर. सिंक साउंडमध्ये गायीच्या हंबरण्यासकट सगळं संवादाच्या ट्रॅकवर चिकटलेलं असतं. संवाद काढले की मागचं जगही जातं. ते फोली करून, म्हणजे स्टुडिओत तसे आवाज नव्याने काढून, पुन्हा भरावं लागतं. हे त्याच वेळी करून घेतलं तर स्टुडिओचे तीन-चार जादा दिवस, वर्षाने करायला गेलात तर सेशन उघडण्यापासून सुरुवात. फुटेजच्या तीन प्रती, त्यातली एक वेगळ्या शहरात. फायनान्सर ‘लॅब लेटर’ मागेल, म्हणजे त्याच्या ना हरकतीशिवाय स्टुडिओने मास्टर सोडायचा नाही. द्या, पण फक्त त्याच्या रकमेपुरतं, आणि महोत्सवांना पाठवायच्या प्रतींना त्यातून सूट लिहून घ्या. ही एक ओळ राहिल्यामुळे निवड होऊनही प्रत पाठवता येत नाही, अशी वेळ येते.

थिएटरचं गणित मी मित्रासमोर बसून करीन. सगळा कर धरून १५० रुपयांचं तिकीट. शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे निव्वळ १२७. (शंभरपर्यंतच्या तिकिटाला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के.) २००९ च्या निर्माते-मल्टिप्लेक्स तडजोडीपासून वाटणीची मापपट्टी पहिल्या आठवड्याला ५०, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस, पुढे ३० टक्के अशी धरली जाते. पहिल्या आठवड्याचेच पैसे धरले तरी हातात साडेत्रेसष्ट. वितरकाचं १५ टक्के कमिशन गेलं की ५४ रुपये. प्रसिद्धीचे चाळीस लाख वसूल व्हायला ७४ हजार तिकिटं लागतात. सव्वा कोटीसाठी आणखी सव्वादोन लाखांच्या वर. एकूण तीन लाख माणसं, तीही पहिल्या आठवड्यात. स्टार नसलेल्या चित्रपटाला हे होत नाही असं नाही, पण त्यावर घर गहाण ठेवायचं नसतं.

या चाळीस लाखांचं कसं होतं? ट्रेलर, पोस्टर आणि डिजिटल १४, होर्डिंग आणि वर्तमानपत्रं ९, स्क्रीनमागे द्यावं लागणारं डिजिटल शुल्क आणि प्रती ८, गावोगावचे दौरे आणि खास खेळ ४, आणि ५ लाख राखून. हे पाच लाख शुक्रवारनंतरचे आहेत. चित्रपट बरा चालला तर सोमवारी शो टिकवायला आणि नव्या केंद्रांवर जायला ते लागतात. बहुतेकांनी ते बुधवारपर्यंत होर्डिंगवर उडवलेले असतात. दोनशे स्क्रीनवर दुपारी पावणेबाराचा एकेक शो घेण्यापेक्षा पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, साताऱ्यात मिळून चाळीस स्क्रीन, पण संध्याकाळच्या वेळेला, हे मला पटतं. स्क्रीनमागचं शुल्क शो रिकामा गेला तरी द्यावं लागतं. दहावी-बारावीच्या परीक्षा, मोठ्या हिंदी चित्रपटाचा आठवडा आणि गणपतीचे दहा दिवस टाळा. आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तारीख जाहीर करू नका.

महोत्सव या रांगेच्या बाहेरचा रस्ता आहे. तुमच्या विषयाला तो थिएटरपेक्षा जवळचा वाटतो. गोव्यात इफ्फीबरोबर (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) भरणाऱ्या फिल्म बाजारात, २०२५ पासून त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार, पटकथेच्या टप्प्यावर सहनिर्मितीचा विभाग आहे आणि रफ कटच्या टप्प्यावर वर्क-इन-प्रोग्रेस, म्हणजे अपुऱ्या चित्रपटांसाठीचा विभाग. दोन्हीकडे आधी अर्ज आणि निवड. रॉटरडॅमच्या ह्यूबर्ट बाल्स फंडासारख्या निधीतून पटकथाविकासाला मदत मिळू शकते. रक्कम तुमच्या बजेटसमोर लहान, पण त्या नावावर पुढचा निर्माता फोन उचलतो. जिथे सहनिर्माता परदेशी लागतो तिथे काही हक्क आणि काही खर्च त्या देशात करावा लागतो, तेव्हा युरोत आलेली रक्कम सगळी भोरमध्ये उतरेल असं समजू नका.

इथे एक चूक वारंवार होते. मोठ्या महोत्सवांना पहिलं प्रदर्शन आपल्याकडे हवं असतं. हौसेने एखाद्या छोट्या, पैसे भरून प्रवेश मिळणाऱ्या ऑनलाइन महोत्सवात चित्रपट दाखवला की ते दार बंद. आधी वरची दारं वाजवा, नकार आला की खाली या. सेन्सॉरची तारीखही विचार करून घ्या: राष्ट्रीय पुरस्कारासाठी प्रमाणपत्र ज्या कॅलेंडर वर्षातलं, त्या वर्षात चित्रपट मोजला जातो. ३० डिसेंबरला घाईने प्रमाणपत्र घेऊन अर्जाची तयारीच नाही, असं होऊ देऊ नका.

करांचं थोडक्यात, बाकी सी.ए. सांगेल. एलएलपीची जीएसटी नोंदणी शूटिंगआधी करा. कॅमेरा, लाइट, स्टुडिओवर भरलेले १८ टक्के पुढे हक्क विकताना लागणाऱ्या १८ टक्क्यांतून वजा होतात, नोंदणी नसेल तर तो सगळा खर्चच. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिलेला खर्च आयकरात धरला जात नाही. वाड्याच्या मालकाला रोख हवे असतात, त्याला आधीच बँकेचं समजावा. कलाकार-तंत्रज्ञांच्या मानधनातून कर कापून भरायचा, आणि ज्यांना ५० हजारांहून जास्त दिले त्यांचं विवरण आयकर खात्याला द्यायचं. आणि १९६२ च्या आयकर नियमावलीतला ९अ: आर्थिक वर्ष संपायच्या किमान ९० दिवस आधी चित्रपट प्रदर्शित झाला असेल तरच पूर्ण निर्मितीखर्च त्या वर्षी वजा मिळतो, नाहीतर जमा झालेल्या रकमेपुरता, बाकी पुढच्या वर्षी. म्हणजे डिसेंबरअखेर आणि फेब्रुवारी यात फरक आहे. नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदललेत, तेव्हा विचारताना नियमाचा आशय सांगा.

आता तुमचा मित्र. त्याच्याकडून आज चाळीस लाख घेऊ नका, सहा घ्या, विकासखर्च म्हणून, वेगळ्या छोट्या करारावर. त्यात एलएलपी, वकील आणि सगळ्या हक्कांचे करार दीड लाख. पटकथेचं मुलाच्या पाच तासांप्रमाणे पुनर्लेखन आणि अनुभवी सहायकाकडून शेड्यूल-बजेट एक लाख. वाई-भोरची पाहणी आणि दोन्ही जिल्ह्यांची, बैलाची परवानग्यांची तयारी सत्तर हजार. मुलाची निवड आणि कार्यशाळा एक लाख. त्या मुलाला आणि बैलाला घेऊन दोन दिवसांत केलेलं चार मिनिटांचं एक दृश्य दीड लाख. तीस हजार शिल्लक. ते दृश्यही चित्रीकरणच, तेव्हा त्यालाही दोन्ही परवानग्या आधी. उरलेले चौतीस त्याने लेखी बांधावेत, या अटीवर की पोस्ट आणि प्रदर्शनाचे छपन्न लाख स्वतंत्र खात्यात जमा किंवा कराराने पक्के झाल्यावरच ते सुटतील. नऊ महिन्यांत ते झालं नाही तर त्याचे चौतीस त्याच्याकडेच राहतात, सहा गेले. पटकथा, करार आणि ते चार मिनिटांचं दृश्य एलएलपीच्या मालकीचं राहतं. ‘यंदाच’ हा आग्रह त्याने सोडला नाही तर पैसे कशासाठी देतोय ते एकदा स्पष्ट विचारा; कधी कधी कारण करनियोजन असतं, आणि त्याचं उत्तर चित्रपटात नाही, त्याच्या सी.ए.कडे असतं.